भुऱ्याचा ठसा

माणूस दारात आला की सोनार आधी त्याच्या मागं पाहायचा. आलेला पाटील असो की तेली, सोनाराची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं जायची. पलीकडं काही उभं नसलं की मान खाली घालून पुन्हा कानस चालवायचा. "जनावर कुठं हाय?" एवढंच विचारायचा. रामराम नंतर.

शिरूर कासारचा जुना बाजार ज्यांनी पाहिला असेल त्यांना कासारआळीच्या टोकाचं लिंबाचं झाड आठवेल. त्या झाडाखाली त्याचं दुकान. त्याचं नाव मी लिहिणार नाही. माझ्या मायनं ते घेऊ नको असं कधी सांगितलं नव्हतं. पण तिनं स्वतः ते पुन्हा तोंडातून काढलं नाही, म्हणून मीही काढत नाही.

आजूबाजूचे सोनार देवांचे टाक करत, बुगड्या, वाळे, पुतळ्यांच्या माळा करत. हाही करायचा, पण पोटासाठी. जीव होता तो दुसऱ्याच कामात. लोकांच्या जनावरांचं रूप तो चांदीत उठवायचा. रुपयाएवढा गोल टाक, वर एक कडी, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. त्यावरचा बैल म्हणजे कुठलाही बैल नव्हे. तुमचा बैल. शिंग वाकडं असेल तर वाकडं, डोळा गेला असेल तर गेलेला.

जनावर लिंबाखाली बांधायचं आणि मालकानं गप बसायचं. पहिल्या दिवशी तो हत्याराला हातच लावत नसे. चिलीम ओढत बघत राहायचा आणि मधूनच काहीतरी विचारायचा. उठताना आधी कुठला पाय टाकतं? रुसलं की कोणाकडं पाठ करतं? घरात कोणाच्या हाकेला येत नाही? मालकाला सांगता आलं नाही तर त्याला परत पाठवायचा. "आधी तुमची दोघांची वळख होऊ द्या. मग या."

एका पाटलाची गंमत सांगतो. पाटील घोडं घेऊन आला. घोडं म्हातारं, पोट सुटलेलं, आयाळ झडलेली. पाटील म्हणाला की आयाळ जरा दाट दाखव, मान जरा ताठ दाखव. सोनारानं घोड्याभोवती एक चक्कर मारली आणि पाटलाला विचारलं, "पाटील, हे घोडं कोणाचं हाय?" माझंच, पाटील म्हणाला. "मग तुमी सांगतासा ते घोडं घेऊन या. त्याचं करून देतो." पाटील शिव्या देत गेला. गेला म्हणजे चालत गेला, कारण घोडं लिंबाखालून हलेना.

एकदा गिरदावरसाहेब आपला पोपट घेऊन आले. महसुलाचा सरकारी माणूस, दुकानात आला की आळीतले लोक उभे राहत. पोपट पिंजऱ्यातून गिरदावरसाहेबांना त्यांच्याच आवाजात "बदमाश, लगान भर" म्हणायचा. सोनारानं टाक केला त्यात पोपटाची चोच उघडी काढली. साहेब म्हणाले, बंद चोच बरी दिसली असती. "बंद असती तर दिसली असती, साहेब," सोनार म्हणाला. साहेब हसले. तो टाक त्यांनी शेरवानीच्या आत घातला, बाहेर नाही, पण घातला.

आता मुख्य गोष्ट, ठशाची. टाक करायचा म्हणजे आधी काशाच्या गोल तुकड्यावर चित्र खोल कोरायचं. तो ठसा. त्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वर शिसं ठेवून ठोकायचं, म्हणजे पत्रा खळग्यात बसतो आणि चित्र उठून येतं. देवाचा ठसा एकदा कोरला की सोनाराच्या तीन पिढ्या त्यावर टाक काढतात. आमच्या सोनाराचं तसं नव्हतं. जनावराचा ठसा तो एकदाच वापरायचा. टाक निघाला की ठसा ऐरणीवर ठेवायचा आणि घण मालकाच्या हातात द्यायचा. "पहिला घाव तुमचा. दुसरं निघणार न्हाई." मालकानं एक घाव घालायचा, मग उरलेले सोनार घालायचा. कासं ठिसूळ, त्याचे तुकडे व्हायचे. ते तुकडे मालकाच्या देखत लिंबाच्या बुडाशी पुरायचे.

लोक त्याच्याकडं येत ते खरं म्हणजे यासाठी. चांदी कुठंही मिळते. पण आपल्या गाईचं दुसरं रूप जगात कुठं निघणार नाही, हे फक्त त्याच्याकडं मिळायचं.

माझी माय मेंढरं राखायची. बाप मी लहान असतानाच गेला. मी बीडला शिकायला राहिलो, तेव्हा वस्तीपासून दूर माळावर तिच्या सोबतीला एकटा भुऱ्या होता. भुऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. मातकट रंगाचा, रुंद छातीचा. एका दुपारी लांडगा कळपात शिरला तेव्हा माय काठी घेऊन मध्ये पडली आणि भुऱ्या मायच्या आणि लांडग्याच्या मध्ये पडला. त्यात त्याचा डावा कान फाटला, तो कायमचाच. माय म्हणायची, "माझी दोन लेकरं. एक शिकायलंय, एक राखायलंय." मला हे ऐकून राग यायचा. आमच्या वस्तीत, आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजात जाणारा मी पहिला. यात मी खोटी नम्रता दाखवत नाही. आणि मायनं मला कुत्र्याच्या जोडीला बसवावं?

मी हैदराबादला कॉलेजात जाणार त्या उन्हाळ्यात भुऱ्या म्हातारा झाला होता. डोळ्यांवर साऱ्याचा पांढरा पडदा आला होता, चालताना दगडाला अडखळायचा. माय म्हणाली, तू चाललास, हाही चालला, मला निदान ह्याचं रूप ठेवून घेऊ दे. मी तिच्याबरोबर शिरूरला गेलो. भुऱ्याला काही अंतर मी खांद्यावर घेतलं.

सोनारानं नेहमीसारखं आमच्या मागं पाहिलं, आणि मग ऐरण सोडून उठला. तो उठलेला मी तेव्हाच पाहिला. भुऱ्या परक्याला अंगाला हात लावू देत नसे; वस्तीत एकदोघांच्या पोटऱ्यांवर त्याची खूण होती. सोनार त्याच्यापुढं मातीत बसला. भुऱ्यानं त्याचा हात हुंगला, गुडघा हुंगला आणि आपलं डोकं त्याच्या पावलावर टाकून डोळे मिटले.

माय माझ्याकडं वळून म्हणाली, "कुत्रं माणूस वळखायला चुकत न्हाई."

तीन दिवस आम्ही तिथं होतो. सोनाराची बायको नव्हती, तोच भाकरी थापायचा. पहिली भाकरी दुधात कुस्करून भुऱ्याला, मग आम्हाला. तो मायला आक्का म्हणायला लागला, माय त्याला दादा. त्यानं भुऱ्याविषयी विचारलं आणि माय बोलत सुटली. माझ्याशीही ती तेवढं कधी बोलली नव्हती. लांडग्याची गोष्ट सांगितली. पावसात दोघं एका घोंगडीत कशी बसायची ते सांगितलं. मला बीडला सोडून आली त्या दिवशी ती जेवली नाही, म्हणून भुऱ्याही जेवला नाही, हेही सांगितलं. हे मला माहीत नव्हतं. मी तिथं बसून ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी टाक निघाला. खरं सांगतो, मी आजवर शहरात पुष्कळ नक्षीकाम पाहिलं, पण तसं पाहिलं नाही. भुऱ्या बसलेला, फाटका कान जरा पुढं, आणि मान अशी वळलेली, जणू कोणीतरी आत्ताच हाक मारली आहे. फक्त शेपटीजवळ एक बारीक टोकदार फोड उठली होती. कोरताना सोनाराचा हात घसरला होता. तो ओशाळून दाखवायला लागला. मायनं तिथं नख लावून पाहिलं आणि हसली. "हे गोखरू हाय, दादा. नेमी तिथंच अडकायचं त्याच्या. तुमाला कसं कळलं?" गोखरू म्हणजे माळावरचा तो काटेरी सराटा. सोनारानं माझ्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं आणि म्हणाला, "दिसलं."

मग त्यानं ठसा ऐरणीवर ठेवला आणि घण मायच्या हातात दिला.

मायनं घण उचलला. खाली ठशात भुऱ्या दिसत होता, खोल कोरलेला. आणि खरा भुऱ्या दोन हात अंतरावर झोपलेला. तिचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. तिनं घण खाली ठेवला.

"मारू कशी, दादा? माझ्या हातानं?"

सोनार म्हणाला, रीत आहे. ती म्हणाली, रीत असू दे, माझ्याच्यानं होणार नाही. मी पुढं झालो, म्हणालो, आण इकडं, मी घालतो. माय माझ्यावर डाफरली, तू तर अजिबात नाही. शेवटी सोनारच म्हणाला, "आक्का, तुमी जावा. तुमी वळणाआड झाल्यावर मी फोडतो. शब्द हाय."

माय दोन्ही कानांवर हात ठेवून आळीच्या बाहेर पडली. घणाचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. मी मागून भुऱ्याला घेऊन आलो. मला आवाज आला नाही. वाटलं, आपण लांब आलो.

भुऱ्या त्या हिवाळ्यात गेला. मी हैदराबादेत होतो. सुट्टीत आलो तेव्हा मायच्या गळ्यात तो टाक होता आणि ती बोलताना मधूनच त्यावर अंगठा फिरवायची, बरोबर गोखरावर. कोणी विचारलं की सांगायची, "भुऱ्या गेला न्हाई. हाय माझ्याजवळ. जगात दुसरा न्हाई असला." वस्तीतल्या बाया थट्टा करायच्या, ती हसून सोडून द्यायची. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत असंच चाललं.

शेवटच्या वर्षी परीक्षा संपली आणि मायला काहीतरी न्यावं म्हणून मी हैदराबादच्या बाजारात बांगड्या बघत हिंडत होतो. एका जवाहिऱ्याच्या दुकानात मखमलीच्या तुकड्यावर चांदीचे टाक मांडले होते. एका ओळीत. सगळ्यांवर एकच कुत्रा. डावा कान फाटलेला. मान वळलेली.

मी एक उचलला आणि शेपटीजवळ नख लावलं. गोखरू होतं. दुसरा उचलला. त्यावरही होतं. दुकानदाराला वाटलं मोठं गिऱ्हाईक आहे. म्हणाला, "ये विलायती कुत्ता है साब. बेगमां बहोत पसंद करते." कान फाटका का, विचारलं, तर म्हणाला ही त्या जातीची खूण आहे. आणि हे शेपटीजवळ काय आहे? त्यानं टाक उजेडात धरला आणि म्हणाला, ती कारागिराची निशाणी आहे.

माळावरच्या सराट्याची ही निशाणी झाली. बांगड्या राहिल्या. मी एक टाक घेतला आणि परीक्षेचा निकाल लागून पदवी हातात आली तसा घरी निघालो.

घरी जाण्याआधी शिरूरला उतरलो असतो तर बरं झालं असतं, पण मी आधी वस्तीवर गेलो. पत्र्याच्या नळीत घातलेली पदवी घरोघर दाखवली. वस्तीत एकालाही ती वाचता येत नव्हती, सगळ्यांनी हात लावून पाहिली. मायनं ती कपाळाला लावली. टाकाचं मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शिरूर गाठलं.

सोनारानं माझ्या मागं पाहिलं. मागं काही नव्हतं. मग मी हैदराबादचा टाक ऐरणीवर ठेवला.

त्यानं तो उचलला, डोळ्याजवळ नेला, उलटा केला, बोटानं दाबून पाहिला. आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? "पत्रा लई पातळ लावलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, तुम्ही माझ्या मायला शब्द दिला होता. "दिला होता," तो म्हणाला. नाकारलं नाही, हेही लिहितो. म्हणाला की आम्ही गेल्यावर त्यानं घण उचलला होता. दोनदा उचलला. हात चालला नाही.

"मग पेटीत ठेवायचा होता. विकला कावून?"

त्यानं टाक परत ऐरणीवर ठेवला. मग म्हणाला, "इथं कोण बघतंय रे. ज्याचं जनावर त्यो येतो, त्याला त्याचं जनावर दिसतं. माझं काम कोणाला दिसत न्हाई. हैदराबादचा एक शेठ आला हुता, त्यानं ठसा हातात घेतला आन् म्हणला, असा हात मी बघितला न्हाई." हात धोतराला पुसत म्हणाला, "वाटलं, चार लोकांनी बघावं."

ही भूक मला कळत नव्हती असं नाही. आदल्या दिवशीच मी वस्तीभर नळी मिरवून आलो होतो. पण कळणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. बाकीच्यांचे ठसे त्यानं विकले नव्हते. गिरदावरसाहेब असोत, तेली असो, त्यांनी घाव घातला होता. जिनं मायेपोटी हात आवरला आणि याच्यावर सोडून कान झाकून निघून गेली, तिचाच यानं बाजारात मांडला.

मी म्हणालो, मला काही ऐकायचं नाही, वस्तीवर या आणि मायला स्वतःच्या तोंडानं सांगा. त्यानं होकारार्थी मान हलवली. पोळ्याच्या आधी बैलांची कामं फार आहेत, पोळा झाला की दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. "शब्द हाय." तेच दोन शब्द. मी ते ऐकले आणि तरी खरे धरून बसलो. शिकलेला माणूस.

मायला मी एवढंच सांगितलं की सोनार येणार आहे. तिला केवढा आनंद झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सकाळीच अंगण सारवलं, नवी घोंगडी अंथरली, पुरणाच्या दोन पोळ्या झाकून ठेवल्या. टाक राखेनं घासून लख्ख केला. दादा बघेल म्हणाली, काळा पडलेला कशाला दाखवायचा. दुपार झाली. ती बांधापर्यंत जाऊन पाहून आली. दिवस कलला तशी म्हणाली, काही अडचण आली असेल, एकटा माणूस आहे. पोळ्या कुत्र्यांना घातल्या. भुऱ्यानंतरची ती कुत्री, त्यांची तिनं नावंही ठेवली नव्हती.

बाजाराच्या दिवशी मी शिरूरला गेलो. दुकानाला कुलूप. शेजारच्या कासारानं सांगितलं, पोळ्याच्या आधीच गेला, ऐरण तेवढी सोडून सगळी हत्यारं बांधून. हैदराबादेहून त्या शेठचा माणूस आला होता.

तेव्हा मी जे केलं ते मला शोभलं नाही. भर बाजारात, त्या लिंबाखाली उभा राहून मी सगळं सांगितलं. टाक हातात धरून दाखवला. लोक जमले. मला वाटत होतं मी न्याय करतोय. घरी पोचलो तर माय उंबऱ्यावर बसलेली. तेल्याच्या बायकोनं माझ्या आधी येऊन तिला सांगितलं होतं. माय म्हणाली, "आधी मला सांगायचं होतंस रं." एवढंच. त्याच्याविषयी काही नाही.

तिनं हैदराबादचा टाक मागितला. गोखरावर नख फिरवलं. परत दिला.

दुसऱ्या दिवशी शिरूरात लोक कुदळी घेऊन लिंबाखाली जमले. ज्यांचे ज्यांचे टाक होते त्यांना खात्री करायची होती. माय म्हणाली, मलाही ने. आम्ही पोचलो तेव्हा खणून झालं होतं. फडक्यावर काशाचे तुकडे पसरले होते, हिरवे पडलेले. कुठं शिंग, कुठं खूर, कुठं वशिंड. लोक उकिडवे बसून निवडत होते. तेल्याला त्याच्या बैलाचं वाकडं शिंग सापडलं, त्यानं ते धोतरानं पुसलं. गिरदावरसाहेबांचा शिपाई आला होता, त्याला उघडी चोच सापडली. एकेक जण आपला तुकडा घेऊन हसतमुखानं उठत होता. सोनारानं त्यांच्यातल्या कोणालाही फसवलं नव्हतं.

माय एका बाजूला बसून राहिली. फडकं रिकामं होत गेलं. तेल्याला तिची दया आली. म्हणाला, "आक्का, खाली असंल अजून. खणू का?"

"राहू दे, भाऊ. ज्यांनी घाव घातला त्यांचेच निघतेत."

परत येताना मी तिला म्हणालो, तो टाक काढून टाक, वितळवून टाकू. ती चालता चालता थांबली. माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काही चोरलं आहे.

"भुऱ्यानं काय केलं?"

पुढं कुठलंही कुत्रं नवख्या माणसाच्या पायाशी लोळलं की लोक म्हणायचे, कुत्रं चुकत नाही. माय उठून मेंढरांकडं जायची. पहिल्यांदा हे वाक्य मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. चुकतं. मी पाहिलं आहे.

सोनार पुन्हा शिरूरला आला नाही. पुढं हैदराबादेत मी दोनदा त्या जवाहिऱ्याच्या दुकानावरून गेलो. आत जाऊन त्याचं काय झालं ते विचारायला पाय वळला नाही. लिंबाखालची ऐरण बरीच वर्षं तशीच होती, तिच्यावर शेळ्या चढायच्या.

आणि मायनं टाक काढला नाही. शेवटपर्यंत गळ्यात होता. फक्त त्या दिवसापासून ती तो उलटा घालायला लागली, भुऱ्याचं तोंड आत, छातीला लागून. लोकांना दिसायची ती टाकाची मागची बाजू, नुसता एक खळगा. कोणी विचारलं हे काय आहे, तर माय पदर ओढून घ्यायची.